गेममधली दिल्ली आणि नकाशाबाहेरची दख्खन

१९९९ मध्ये ‘एज ऑफ एम्पायर्स टू’ हा संगणकावरचा गेम आला तेव्हा त्यात तेरा राज्यसमूह होते. ब्रिटन, फ्रँक, गॉथ, व्हायकिंग, मंगोल, चिनी, जपानी, इराणी, तुर्क, शिवाय गेमच्या भाषेत ‘सॅरासेन’ म्हणजे अरब. मध्ययुगातले बहुतेक मोठे लोक हजर होते, हिंदुस्थान तेवढा नव्हता. पुढच्या वर्षी त्याची पुरवणी निघाली. तिच्यात स्पॅनिश, अ‍ॅझटेक, माया, हूण आणि कोरियन आले. हिंदुस्थान तेव्हाही नाही. इराण्यांच्या फौजेत हत्ती होते, आम्ही त्यावर समाधान मानायचे.

बावीस वर्षांनी, २८ ऑक्टोबर २०२१ रोजी, याच मालिकेचा चौथा भाग आला. सुरुवातीला त्यात आठच राज्ये होती आणि त्या आठांत एक दिल्ली सल्तनत होती.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. शिक्षक मोजके असल्यामुळे इतिहासाचे तासही अधूनमधून माझ्याकडे येतात. २०१७ साली आपल्या राज्यात सातवीचे इतिहासाचे पुस्तक बदलले, शिवाजी महाराज आणि मराठ्यांचा इतिहास केंद्रस्थानी आला. तो यायलाच हवा होता. पण सुलतानांची नावे मुलांना आता पुस्तकातून कमी आणि मोबाईलमधून जास्त कळतात, आणि मोबाईलमधली रील्स कोणत्या सुरात बोलतात ते वाचकांना मी सांगायला नको. त्याच मोबाईलवर, संगणकावर हे गेमही आहेत. तासन्‌तास खेळून मुलांच्या डोक्यात जो इतिहास बसतो तो आमच्या पस्तीस मिनिटांच्या तासाने हलत नाही. म्हणून दुसऱ्या भागातला इतिहास आणि चौथ्या भागातला इतिहास शेजारी ठेवून पाहावा असे मनात आले.

ज्यांनी हे गेम खेळलेले नाहीत त्यांच्यासाठी दोन शब्द. हा प्रकार बुद्धिबळाच्या घराण्यातला, फक्त इथे आळीपाळीने चाल नसते, सगळे एकदम चालतात. हाताशी दोन-चार गावकरी असतात. त्यांच्याकडून लाकूड तोडायचे, शेती करायची, सोने आणि दगड खणायचे, घरे बांधायची, मग फौज उभी करायची आणि समोरच्याला बुडवायचे. सगळा नकाशा आधी काळोखात असतो. स्वार पाठवाल तेवढाच उजळतो.

मी हा दुसरा भाग बी.एड. करताना औरंगाबादच्या एका सायबर कॅफेत पाहिला. २००२ साल होते. तासाला वीस रुपये पडत, त्यामुळे मी खेळण्यापेक्षा दुसऱ्याच्या खुर्चीमागे उभा राहूनच जास्त शिकलो. त्या गेममध्ये सुलतान सलाहुद्दीनची मोहीम होती. पडद्यावर हत्तीनची लढाई, जेरुसलेमचा वेढा, आणि आपण सलाहुद्दीनच्या बाजूने लढतोय. त्या वर्षी सकाळी वर्तमानपत्र उघडायची भीती वाटायची. टीव्हीवर मुसलमान दिसला की तो एक तर मेलेला असे किंवा मारणारा. अशा दिवसांत अमेरिकेतल्या एका कंपनीने केलेल्या खेळात एक मुसलमान सुलतान नायक म्हणून समोर यावा, याचे आम्हा चार-पाच पोरांना फार अप्रूप वाटले होते.

मात्र ही गोष्ट सांगतो कोण, हे तेव्हाही खटकले होते. सलाहुद्दीनची कथा गेममध्ये सांगतो तो एक युरोपीय सरदार. वाळवंटात वाट चुकलेला, अरबांच्या हाती सापडलेला. आधी त्यांना रानटी समजणारा, मग हळूहळू त्यांचे वैद्यक, त्यांचा शब्दाचा पक्केपणा पाहून विरघळणारा. म्हणजे आमच्या माणसाला चांगले म्हणायलाही साक्षीदार तिकडचा लागला. असे दाखले आपल्या रोजच्या जगण्यातही कमी नाहीत, कुणा मोठ्या माणसाने आपल्या मोहल्ल्याला बरे म्हटले की आपण ते कात्रण जपून ठेवतो.

दुसरी गंमत धर्माची. त्या गेममध्ये प्रत्येक राज्याला एक धर्मस्थळ बांधता येई. अरबांच्या गावात त्याला घुमट असायचा, पण नाव मात्र ‘मोनॅस्टरी’, मठ. आणि आतून बाहेर पडे तो झगा घातलेला ख्रिस्ती संन्यासी! सलाहुद्दीनच्या फौजेबरोबर तोच, जपान्यांबरोबरही तोच. हा संन्यासी मंत्र म्हणून शत्रूचा सैनिक आपल्या बाजूला वळवी आणि संतांचे पवित्र अवशेष मठात आणून ठेवी, की तिजोरीत सोने पडू लागे. मध्ययुगीन युरोपात अशा अवशेषांभोवती यात्रा आणि पैसा फिरत होता हे खरे. तोच साचा त्यांनी सगळ्या जगावर ठेवला. यात द्वेष नव्हता, आळस होता. एक चित्र काढले आणि तेराजणांना वाटले.

हिंदुस्थान या गेममध्ये आला तो २०१३ साली, आणि तोही आधी हौशी खेळाडूंच्या उद्योगातून. गेमच्या चाहत्यांनी घरी बसून एक पुरवणी तयार केली होती, कंपनीने पुढे ती अधिकृत केली. तिच्यात ‘इंडियन्स’ नावाचे एकच राज्य होते. सुलतान, राजपूत, चोळ, पाल, सगळे एका टोपलीत. सोबत पृथ्वीराज चौहानची मोहीम. २०२२ च्या एप्रिलमध्ये ही टोपली फोडली गेली. गुर्जर, द्रविड आणि बंगाली असे तीन नवे गट निघाले आणि उरलेल्या ‘इंडियन्स’चे नाव बदलून ‘हिंदुस्तानी’ झाले. हिंदुस्तानींना बाबराची मोहीम मिळाली, द्रविडांना राजेंद्र चोळाची, बंगाल्यांना देवपालाची. बावीस-तेवीस वर्षे जुन्या खेळात अशी दुरुस्ती कुणी करत बसत नाही. त्यांनी केली, हे कौतुकाचेच.

याच वेळी हिंदुस्तानींना एक खास पायदळ मिळाले, त्याचे नाव ‘गुलाम’. भालाईत आहे, तिरंदाजांवर धावून जातो, चार पैशांत तयार होतो आणि चार मिनिटांत मरतो. माझ्यातला शिक्षक इथे थांबला. गुलाम हा शब्द मराठीत आणि आजच्या उर्दूतही लाचारीचा आहे. पण सल्तनतीचा पहिला सुलतान कुत्बुद्दीन ऐबक हा विकत घेतलेला गुलाम. त्याचा जावई अल्तमश, तोही गुलाम. पुढे बल्बन, तोही. मलिक काफूर गुजरातच्या स्वारीत हाती लागला आणि देवगिरीपासून मदुराईपर्यंत फौजा घेऊन गेला. आणि आपल्या मराठवाड्याला ज्याने उभा-आडवा ओळखला तो मलिक अंबर इथिओपियातून बाजारामागून बाजार विकला जात अहमदनगरला पोचला आणि निजामशाहीचा पेशवा झाला. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत त्याच्या बाजूने शहाजीराजे लढले. खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, त्याने वसवले. गेममधला गुलाम बढती घेत घेत तख्तावर बसू शकला असता तर तो खेळ इतिहासाच्या जवळ गेला असता. तिथे तो जन्मभर भालाईतच राहतो.

आता चौथा भाग. माझ्या भाच्याच्या संगणकावर मी तो पाहिला, कारण माझ्या लॅपटॉपला तो झेपत नाही. दिल्ली निवडली आणि पहिल्याच पाच मिनिटांत फरक कळला. मठ नाही, मशीद आहे. संन्यासी नाही, ‘स्कॉलर’ आहे, म्हणजे आलिम. आणि दिल्लीला एक अशी सवलत आहे जी दुसऱ्या कुणाला नाही. इतर राज्यांना नवे शोध, नवी हत्यारे, शेतीच्या सुधारणा यांसाठी धान्य आणि सोने मोजावे लागते. दिल्लीला ज्ञान फुकट आहे, फक्त वेळ फार लागतो. तो वेळ कमी करायचा असेल तर मशिदीत आलिम बसवायचे. जितके आलिम, तितका शोध लवकर.

हे ज्याने योजले त्याने पुस्तके वाचली असणार. तेराव्या शतकात चंगेजखान आणि त्याच्या वंशजांनी मध्य आशिया आणि इराण उद्ध्वस्त केले, १२५८ साली बगदाद पडले. बुखारा, समरकंद, खुरासान इथून जीव वाचवून निघालेले काजी, हकीम, कवी, इतिहासकार यांना दार उघडे होते ते दिल्लीचे. ‘तबकात-ए-नासिरी’ लिहिणारा मिन्हाज जुझजानी असाच इकडे आला. अमीर खुसरोचे वडील मध्य आशियातून आले होते. सल्तनतीचे ज्ञानभांडार हे बऱ्याच अंशी निर्वासितांचे भांडार होते. दिल्लीला ते खरेच ‘फुकट’ मिळाले, किंमत दुसऱ्या शहरांनी मोजली होती. गेममध्ये दिल्लीच्या इमारतींत ‘हिसार अकादमी’ आहे. फिरोजशाह तुघलकाने वसवलेल्या हिसारवरून ते नाव आले असावे. ‘हाउस ऑफ लर्निंग’ नावाची इमारत पाहून हौज खासच्या काठचा त्याचाच मदरसा आठवतो. सल्तनत म्हणजे फक्त तलवार, असे ज्यांच्या मनावर ठसवले गेले आहे त्या मुलाला हा गेम हरवतो. आलिम नेमल्याशिवाय दिल्ली जिंकतच नाही.

आणखी एक गोष्ट मला भाषाशिक्षक म्हणून फार आवडली. चौथ्या भागात राज्य एका युगातून पुढच्या युगात गेले की तिथल्या माणसांची भाषाही बदलते. इंग्रजांचे गावकरी आरंभी जुनी इंग्रजी बोलतात, शेवटी ओळखू येईल अशी. भाषा वाहत असते, ती शंभर वर्षांपूर्वी अशी नव्हती, हे मला वर्गात पटवून द्यायला अर्धे वर्ष लागते.

मग चौथा भाग दुसऱ्यापेक्षा सरस म्हणायचा का? अदबीच्या बाबतीत, होय. अभ्यासाच्या बाबतीतही. पण एका जागी तो मागे गेला आहे, आणि ती जागा लहान नाही. गेम आला तेव्हा त्यात चार मोहिमा होत्या, नॉर्मन लोकांची, इंग्रज-फ्रेंचांच्या शंभर वर्षांच्या युद्धाची, मंगोलांची आणि मॉस्कोची. प्रत्येक मोहिमेला माहितीपट जोडलेला. आजच्या इंग्लंड-फ्रान्समधले किल्ले, शेते, नद्या वरून टिपलेल्या, आणि त्याच शेतांवर सोनेरी रेषांत उमटणारे जुने सैनिक. पाहण्यासारखे काम आहे. पण दिल्लीची मोहीम त्यात नव्हती. बगदादच्या अब्बासींचीही नव्हती. म्हणजे मशीद दिली, आलिम दिले, हत्ती दिले, गोष्ट दिली नाही. १९९९ मध्ये सलाहुद्दीनला निदान परक्या तोंडून का होईना, सुरुवात-मध्य-शेवट असलेली कहाणी होती. त्यातल्या माणसाला राग यायचा, तो शब्द पाळायचा, हरायचा. चौथ्या भागातली दिल्ली ही फक्त एक चांगली यंत्रणा आहे. २०२३ च्या ‘सुलतान्स असेंड’ या पुरवणीत सलीबी युद्धांची मोहीम आली, ती मुस्लिम बाजूने खेळायची आहे. अरबांची भरपाई अशी झाली.

भाचा खेळता खेळता म्हणाला, “मामू, इसमें हमारे लोगां कौन?”

त्याच्या ‘लोगां’मध्ये उत्तर होते, पण ते त्याला कसे दाखवायचे? दिल्लीच्या उर्दूत ‘लोगां’ नाही. ती दख्खनी आहे. ‘नक्को’ म्हणताना आपण मराठीतला ‘नको’ उचललेला आहे, ‘ऐसाच’ म्हणताना मराठीचा ‘च’. आणि ज्या दख्खनची ही बोली, ती दख्खन गेममध्ये कुठेच नाही. दुसऱ्या भागात उत्तरेला हिंदुस्तानी आहेत, पश्चिमेला गुर्जर, पूर्वेला बंगाली, दक्षिणेला द्रविड. मधला जो भाग कुणाच्याच वाट्याला आला नाही तिथे देवगिरीचे यादव होते, बहमनी होते, निजामशाही, आदिलशाही आणि मराठे होते. चौथ्या भागात तर दिल्लीच सगळा हिंदुस्थान. आम्ही मराठी मुसलमान दोन्ही गेममधल्या रिकाम्या जागेवर उभे आहोत. मला यात गेमवाल्यांचा दोष फारसा दिसत नाही. आपल्याकडच्या चर्चेतही हेच होते. मुसलमान म्हटले की बोट दिल्लीकडे जाते, मराठी म्हटले की दुसरीकडे.

२०२५ मध्ये चौथ्या भागात ‘तुघलक’ हे वेगळे घराणे म्हणून आले, तेव्हा मला वाटले की आता तरी दौलताबादचा विषय निघेल, निदान मुलांमध्ये. आपल्या मराठीत ‘तुघलकी कारभार’ हा शब्द वेडगळ निर्णयासाठी कायमचा बसला आहे. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ च्या सुमारास देवगिरीला दौलताबाद करून राजधानी केले. इब्न बतूता या रस्त्याला चाळीस दिवसांची वाट म्हणतो. सगळी दिल्ली कुत्र्या-मांजरासकट रिकामी केली अशा कथा आहेत, पण बऱ्याच इतिहासकारांचे म्हणणे असे की हलवले गेले ते प्रामुख्याने दरबारी, आलिम, सूफी, बडे घराणे यांना. दिल्ली चालूच राहिली. हाल मात्र खरे होते. इसामी नावाचा कवी-इतिहासकार तेव्हा पोरसवदा होता. त्याचे नव्वद वर्षांचे आजोबा या प्रवासात दिल्ली सोडल्यावर पहिल्याच मुक्कामी, तिलपतला, वारले. इसामीने पुढे १३५० च्या सुमारास ‘फुतूह-उस-सलातीन’ लिहिले, त्यात तुघलकाला धारेवर धरले. ते लिहिले कुठे? इथे, दख्खनमध्ये, बहमनी सुलतानाच्या आश्रयाने.

निर्णय फसला, राजधानी परत गेली, पण माणसे सगळी परत गेली नाहीत. हजरत निजामुद्दीन औलियांचे खलिफा बुऱ्हाणुद्दीन गरीब खुलताबादला राहिले, १३३७ मध्ये तिथेच वारले. औलियांची वचने ज्याने ‘फवाइद-उल-फुआद’ या ग्रंथात टिपून ठेवली तो अमीर हसन सिज्झी, खुसरोचा जिवलग, त्याचीही कबर खुलताबादला. जालन्याहून शंभर किलोमीटरच्या आत. १३४७ साली दौलताबादेतच बंडखोर अमिरांनी अलाउद्दीन हसन बहमनशाहला तख्तावर बसवले आणि दख्खनने दिल्लीशी काडीमोड घेतला. म्हणजे दिल्लीचा विरोध करणारे एक मुसलमानी राज्य मराठी मुलखात, मराठी किल्ल्यावर जन्मले. हे वाक्य मी वर्गात सांगतो तेव्हा दोन्ही माध्यमांची मुले सारखीच चकित होतात.

इथे एक खुलासा. माझे पूर्वज त्या काफिल्यातून आले असे मी म्हणत नाही. आमच्यातले बागवान, तांबोळी, पिंजारी, अत्तार, मोमीन, मुलाणी, पटेल, देशमुख ही नावेच सांगतात की बहुतेक जण इथल्या मातीतले, इथल्या धंद्यांतले. काफिल्याबरोबर आली ती बोली आणि खानकाह. इथल्या माणसांनी त्यांत मराठी मिसळली, आणि उलटही झाले. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला.

मालिकेचा तिसरा भाग मी मुद्दाम मागे ठेवला होता. त्याच्या २००७ च्या ‘एशियन डायनॅस्टीज’ या पुरवणीत हिंदुस्थान होता, १८५७ च्या बंडाची मोहीम होती, आणि एका नकाशाचे नाव चक्क ‘डेक्कन’ होते. त्या आशियाई नकाशांवर स्थानिक लोकांशी मैत्री करता येई, त्यांत ‘भक्ती’ आणि ‘सूफी’ असे दोन गट होते. इमारतींत चारमिनार होता. आमचा जालना १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, त्यामुळे चारमिनार म्हटले की आजही आमच्या घरातली म्हातारी माणसे सावरून बसतात. गेममध्ये त्या चारमिनारातून ‘मनसबदार’ बाहेर पडतात. चारमिनार १५९१ चा, कुतुबशाहीचा. मोगलांनी गोवळकोंडा घेतला १६८७ मध्ये. मोगली मनसबदार शंभर वर्षे आधीच तिथे काय करत होते, कुणास ठाऊक. पण चूक असो, दख्खन होती. तिसऱ्या भागात जे आले ते चौथ्यात गाळले गेले.

याच तिसऱ्या भागात ‘टॉवर ऑफ व्हिक्टरी’ नावाची एक इमारत आहे, ती चितोडचा विजयस्तंभ. चौथ्या भागातही दिल्लीच्या वाट्याला ‘टॉवर ऑफ व्हिक्टरी’ आहे, तो कुतुबमिनारच्या धर्तीचा. नाव एक, इमारत बदलली. एका गेममधून दुसऱ्यात जाताना विजय कुणाचा हेच बदलले, आणि खेळणाऱ्याला पत्ताही लागत नाही. राणा कुंभाने तो स्तंभ बांधला माळव्याच्या सुलतानावरच्या विजयासाठी, कुतुबमिनार त्याच्याही अडीचशे वर्षे आधीचा. आणि तिसरा मिनार आपल्याकडे, दौलताबादच्या पायथ्याशी पंधराव्या शतकातला चांद मिनार, बहमन्यांचा. तो कोणत्याच भागात मला सापडला नाही. शाळेची सहल किल्ल्यावर जाते तेव्हा मुले त्याच्याखाली सावलीत डबे खातात.

सर्व भागांत एक खोट मात्र सारखीच आहे. खेळताना प्रत्येक बाजूला एक रंग असतो, निळा, लाल, हिरवा, पिवळा. त्या रंगाचा प्रत्येक माणूस त्या बाजूचा, दुसरा प्रत्येक जण परका. खऱ्या लढाईत असे रंग कधी नव्हते, आणि त्यासाठी आम्हाला दूर जायला नको. आमच्याच जिल्ह्यात असई आहे.

२३ सप्टेंबर १८०३. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांची फौज उतरलेली. त्याच महिन्याच्या सुरुवातीला इंग्रजांच्या दुसऱ्या तुकडीने, कर्नल स्टीव्हन्सनने, जालना घेतले होते. चौतीस वर्षांचा आर्थर वेलस्ली, जो पुढे वॉटर्लूचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, आपली छोटी फौज घेऊन अचानक शिंद्यांच्या समोर येऊन ठाकला. मागे सरायचे की दुसऱ्या तुकडीची वाट पाहायची? त्याने ठरवले, आजच. शिंद्यांकडे जवळपास शंभर तोफा आणि हॅनोव्हरच्या पोलमनच्या हाताखाली कवायती पायदळ, दहा हजारांच्या वर. समोर नदी. वाटाड्यांनी सांगितले, इथे उतार नाही. वेलस्लीने पलीकडे पाहिले तर नदीच्या दोन्ही काठांना समोरासमोर दोन गावे, इंग्रजी कागदांत त्यांची नावे पीपलगाव आणि वारूर अशी पडली आहेत. दोन गावे एवढी जवळ असतील तर माणसे एकमेकांकडे जात असणारच, म्हणजे उतार असणार. तो होता. फौज पलीकडे गेली. पोलमननेही कमाल केली, तोफांच्या माऱ्याखाली आपली सगळी रांग काटकोनात फिरवली. इंग्रजांची दीड हजारांवर माणसे मेली किंवा जखमी झाली, जी त्यांच्या मानाने फार होती. म्हातारपणीही वेलिंग्टन असईचेच नाव सर्वांत वर घेत असे.

या लढाईला कोणता रंग द्याल? शिंद्यांच्या कवायती पलटणींत उत्तरेकडचे पूरबी होते, मुसलमान होते, हुकूम देणारे युरोपीय होते. वेलस्लीकडे मद्रासचे शिपाई, म्हैसूरचे घोडदळ, आणि पेशव्यांच्या बाजूचे मराठे स्वारसुद्धा. निजाम इंग्रजांचा दोस्त. ‘आपले’ दोन्ही काठांवर होते. गेमला हे जमत नाही, कारण त्याला माणूस मारायचा तर आधी त्याचा रंग कळावा लागतो.

मागच्या वर्षी सातवीच्या वर्गात मी फळ्यावर दोन नद्या काढल्या, दोन काठांवर दोन गावे काढली आणि सांगितले की नकाशा अंधारात आहे, वाटाडे म्हणतात उतार नाही, तुम्ही फौज कुठून नेणार? मुलांनी पूल बांधला, हत्ती पाण्यात घातले, एकाने बोटी मागवल्या. मागच्या बाकावरची एक मुलगी, जिचे आजोळ भोकरदनकडे आहे, म्हणाली, “सर, दोनों गाँव में रिश्तेदारी होगी ना, वो लोगां जिधर से आते-जाते, उधर से.” मग तिने विचारले, फौज गेल्यावर त्या दोन गावांचे काय झाले. त्यावर तास संपेपर्यंत मुले बोलत राहिली, कुणाची शेते तुडवली गेली असतील, विहिरी कुणी वापरल्या असतील, मेलेल्यांना दफन कुणी केले आणि अग्नी कुणी दिला असेल.

भाचा अजून दिल्लीच खेळतो. हल्ली तो आलिम आधी नेमतो आणि हत्ती नंतर घेतो.